चेंडू हाताला लागला की हातात आला? ताब्याचा निर्णय कसा घ्यायचा

ताई, तुमचा प्रसंग आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतर पंचांनाही संदर्भ लागेल. १४ वर्षांखालील मुलींचा शालेय बास्केटबॉल सामना. मधल्या वर्तुळाजवळ चेंडू सुटला. निळ्या संघाच्या मुलीने दोन लाल मुलींच्या मधून हात घालून चेंडूला पंजाने फटका मारला. चेंडू साइडलाइनकडे उडाला, ती मागे धावली, एक टप्पा पडल्यावर तिने तो दोन्ही हातांनी पकडला आणि मग ड्रिबल करत, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत, बास्केटकडे निघाली. तुम्ही डबल ड्रिबलची, म्हणजे एकदा संपलेला ड्रिबल पुन्हा सुरू केल्याची, शिट्टी दिलीत. निळ्या संघाचे सर तावातावाने ओरडले, "तिच्या ताब्यात बॉल होताच कुठे?" तुम्ही विचारलंय की चूक कोणाची, ताबा आला हे नेमकं कोणत्या क्षणी म्हणायचं, आणि सामन्यानंतर सरांकडे जाऊन चूक कबूल करायला हवी होती का.

सरांचं बरोबर होतं. तो डबल नव्हता. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमपुस्तकात कलम २४ ड्रिबलचं आहे, आणि ड्रिबल कशाला म्हणायचं नाही याची यादी तिथेच दिली आहे. इतर खेळाडूंच्या गराड्यातून चेंडू मिळवण्यासाठी केलेला टॅप, म्हणजे न पकडता मारलेला फटका, हा ड्रिबल नाही. दुसऱ्याच्या ताब्यातला चेंडू टॅप करून काढला तर तोही नाही. समोरच्याचा पास हाताने अडवला आणि मग चेंडू घेतला, तर तोही नाही. तुमची निळी मुलगी पहिल्या प्रकारात बसते. तिने चेंडू दोन्ही हातांत घेतल्यावर जो ड्रिबल सुरू केला, तो तिचा पहिलाच.

पण थोडासाच फरक पडला असता तर तुमची शिट्टी बरोबर ठरली असती. समजा तिने चेंडूखाली हात घालून तो क्षणभर तळव्यावर घेतला असता, मोकळ्या जागेत पुढे टाकला असता, टप्प्यानंतर दोन्ही हातांनी धरला असता आणि पुन्हा ड्रिबल सुरू केला असता, तर डबल. लांबून दोन्ही सारखंच दिसतं: हात पुढे, चेंडू पुढे, मुलगी त्याच्या मागे. फरक सगळा पंजात आहे. फटक्यात चेंडू हाताला लागून निघून जातो. टाकताना तो आधी हातात थांबतो आणि मग निघतो. तो थांबा तुम्हाला दिसला का, एवढंच स्वतःला विचारायचं. दिसला नसेल तर शिट्टी नाही.

आता कलम १४ कडे या, कारण सगळी मुळं तिथे आहेत. जिवंत, म्हणजे खेळात असलेला, चेंडू खेळाडूने धरला आहे, किंवा तो त्याचा ड्रिबल करतो आहे, किंवा चेंडू त्याच्या स्वाधीन केला आहे (थ्रो-इन, फ्री थ्रो), की त्या संघाचा ताबा सुरू होतो. पास हवेत असताना चेंडू कोणाच्याच हातात नसतो, तरी संघाचा ताबा चालूच राहतो. तो संपतो तीनच प्रकारे: समोरच्या संघाने ताबा मिळवला, चेंडू डेड झाला (खेळ थांबला), किंवा शॉटसाठी चेंडू हातातून सुटला. हे तिसरं कारण मनात कोरून ठेवा. शॉट सुटल्यापासून रिबाउंड, म्हणजे हुकून उसळलेला चेंडू, कोणाच्या तरी हातात पक्का येईपर्यंत कोणत्याच संघाचा ताबा नसतो. पंचाच्या निम्म्या चुका या मधल्या दोन-तीन सेकंदांत होतात. माझी सगळ्यात जास्त सलणारी चूकही त्यातलीच. ती पुढे सांगतो.

जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरमध्ये स्प्रिंगफील्डला हा खेळ सुरू केला. १५ जानेवारी १८९२ ला त्यांचे १३ नियम छापून आले. त्यात दोन वेगळे अधिकारी सांगितले होते. अंपायरने माणसांवर नजर ठेवायची, फाऊल टिपायचे. रेफरी हा चेंडूचा न्यायाधीश: चेंडू खेळात केव्हा आहे आणि कोणत्या बाजूचा आहे, हे त्याने ठरवायचं. आज दोन्ही कामं आपल्या एकाच शिट्टीत आली आहेत. नवे पंच माणसांकडे पाहायला लवकर शिकतात, कारण धक्का डोळ्यांत भरतो आणि बाहेरून आरडाओरडा होतो. चेंडूचा न्यायाधीश व्हायला जास्त वर्षं लागतात.

मी काय पाहतो ते सांगतो. सुट्या चेंडूला फिरकी असते, त्याच्यावरच्या काळ्या रेषा पुसट दिसतात. हातात आला की त्या रेषा थांबतात. ही सवय मला एका ज्येष्ठ पंचांनी लावली. सिमेंटच्या कोर्टवर, उन्हात, सराव चालू असताना ते मला बेसलाइनवर उभं करत आणि म्हणत, "शिट्टी खिशात ठेव, नुसत्या रेषा बघ." सुरुवातीला काही कळत नाही. आठवड्याभरात डोळा बसतो.

दुसरी खूण मनगटाची. टॅप करताना मनगट ताठ असतं, बोटं जवळजवळ सरळ, आणि चेंडू आला त्याच वेगाने किंवा त्याहून जास्त वेगाने पुढे जातो. चेंडू घेताना मनगट मागे झुकतं, चेंडूला जागा देतं, बोटं पसरून त्याच्याभोवती वळतात. रिबाउंडला उंच उडी मारणारा मुलगा एका हाताने चेंडू मागे काढतो, तेव्हा नेमकं हेच पाहायचं. नुसता ढकलला तर ताबा नाही. चेंडू पंजाला चिकटल्यासारखा हाताबरोबर खाली आला तर ताबा आहे, मग दुसरा हात लागो वा न लागो.

तिसरी गोष्ट तुमच्या उभं राहण्याची. खेळाडूच्या पाठीमागून पंजा कधीच दिसणार नाही. चेंडू सुटला की पंच चेंडूकडे धावतात, आणि गराड्याजवळ पोचल्यावर त्यांना फक्त पाठी दिसतात. दोन पावलं बाजूला सरका आणि दोन खेळाडूंमधली फट शोधा. तुमच्या प्रसंगात तुम्ही मधल्या वर्तुळाच्या कोणत्या बाजूला होता ते लिहिलेलं नाही, पण फटका तुम्हाला "टाकल्यासारखा" वाटला यावरून मी म्हणेन की तिच्या खांद्यामागून पाहत होता.

फंबलबद्दल थोडक्यात. हातातून चुकून निसटलेला चेंडू पुन्हा घेणं म्हणजे फंबल, आणि तोही ड्रिबल नाही. पास छातीवर आदळून खाली पडला, मुलीने उचलला, मग ड्रिबल केला: चालेल. ड्रिबल थांबवताना दोन्ही हातांतून चेंडू निसटला, तिने धावत जाऊन उचलला: इथपर्यंतही चालेल. पण तिचा ड्रिबल संपलेला आहे, त्यामुळे आता पास किंवा शॉट. मधे दुसऱ्या कोणाचा हात चेंडूला लागला नसेल आणि तिने परत ड्रिबल सुरू केला, तर डबल. चेंडू हातात नसताना कितीही पावलं पडली तरी मोजायची नाहीत. लहान मुलींच्या सामन्यात आणखी एक पाहावं लागतं. त्यांच्या पंजाला चेंडू मोठा पडतो, म्हणून त्या मधेच दोन्ही हातांनी दाबून ड्रिबल करतात. दोन्ही हात एकाच वेळी चेंडूला लागले की ड्रिबल संपला, पकड असो वा नसो. तिथे थांबा शोधत बसायचं नाही.

आता ड्रिबल संपवून लेअपला (धावत जाऊन बास्केटजवळून मारायच्या शॉटला) जाणाऱ्या खेळाडूकडे येऊ, कारण ताब्याचा क्षण सगळ्यात महाग पडतो तो इथे. १ ऑक्टोबर २०१७ पासून फिबाने ट्रॅव्हलिंगच्या, म्हणजे चेंडू हातात धरून जास्त पावलं टाकण्याच्या, नियमाचे शब्द बदलले. धावता धावता चेंडू पकडणाऱ्याला किंवा ड्रिबल संपवणाऱ्याला दोन पावलं मिळतात, आणि पहिलं पाऊल म्हणजे ताबा मिळाल्यानंतर जमिनीला लागलेलं पाऊल. ताबा मिळताना जो पाय आधीच जमिनीवर आहे, तो मोजायचाच नाही. आपण सगळे त्याला झीरो स्टेप म्हणतो. प्रेक्षकांना तीन पावलं दिसतात, ते "स्टेप्स, स्टेप्स" ओरडतात, आणि नवा पंच दबून शिट्टी देतो.

एक खेळी हळू करून पाहू. मुलगा उजव्या बाजूने आत घुसतो. शेवटचा टप्पा पडून चेंडू वर येतो, त्याचा उजवा हात बाजूला, तळवा चेंडूच्या कडेला. या क्षणी त्याचा उजवा पाय जमिनीवर आहे. चेंडू तळव्यात विसावतो, डावा हात वरून येऊन बसतो. ताबा आला, उजवा पाय शून्य. मग डावा पाय: एक. उजवा: दोन. उडी, शॉट. वैध. आता तोच मुलगा, पण चेंडू उजव्या पायाच्या आधीच हातात विसावला, पाय हवेत असताना. मग उजवा एक, डावा दोन, पुन्हा उजवा तीन, आणि ट्रॅव्हलिंग. पायांचा ताल दोन्हीकडे सारखाच आहे. म्हणून नुसते पाय मोजणारा पंच इथे चुकणारच. आधी हात, मग पाय. मी अजूनही मनात म्हणतो: "घेतला", आणि त्यानंतरच एक, दोन. "घेतला" हा शब्द मनात उमटला नाही तर मोजायला सुरुवातच करत नाही.

हाच क्षण आणखी एक निवाडा करतो. आत घुसणाऱ्या खेळाडूवर फाऊल झाला, तर तो शॉटच्या क्रियेत होता का? सलग धावत केलेल्या लेअपमध्ये शॉटची क्रिया सुरू व्हायला दोन गोष्टी लागतात. चेंडू हातात विसावलेला हवा, आणि पंचाच्या मते त्याने शॉटची हालचाल सुरू केलेली हवी. त्याआधी हातावर फटका बसला तर साधा फाऊल, बहुतेक वेळा फक्त थ्रो-इन. त्यानंतर बसला आणि चेंडू आत गेला नाही, तर दोन फ्री थ्रो. आत गेला तर बास्केट आणि एक फ्री थ्रो. म्हणजे एकाच क्षणावर पावलंही मोजली जातात आणि फ्री थ्रोही ठरतात. पंच इथे विसंगत वागतो. पहिल्या क्वार्टरमध्ये पावलं मोजताना ताबा उशिरा धरतो, कारण खेळ वाहता ठेवायचा असतो. चौथ्या क्वार्टरमध्ये फाऊल देताना मात्र ताबा लवकर धरतो, कारण खेळाडू जोरात पडलेला असतो. जाणत्या प्रशिक्षकाला हे कळतं. त्याला तुमचा ताब्याचा क्षण पटला नाही तरी चालेल, पण तो दोन्ही वेळी एकच हवा.

हात चेंडूच्या कडेला किंवा थोडा खाली गेला म्हणून लगेच "कॅरी" (ड्रिबल करताना चेंडू हातात घेतल्याची चूक) देणाऱ्यांनाही हेच सांगेन. चेंडू खांद्याच्या वर उसळला म्हणून ड्रिबल चुकत नाही. तो हातात विसावला का, तेवढंच पाहा.

आता माझी चूक. बऱ्याच वर्षांपूर्वीचा एक जिल्हास्तरीय अंतिम सामना, शेवटचं मिनिट, लाल एका गुणाने पुढे. लालच्या मुलाने शॉट मारला. चेंडू हवेत असतानाच लालच्या दुसऱ्या मुलाने रिबाउंडसाठी उडालेल्या निळ्या मुलाला पाठीत ढकललं. मी शिट्टी दिली, फाऊल बरोबर होता. लालचे चार टीम फाऊल (संघाच्या नावावर मोजले जाणारे फाऊल) आधीच झाले होते. मी मुठीने दिशा दाखवली आणि निळ्याला बेसलाइनवर थ्रो-इन दिला, कारण माझ्या डोक्यात बसलं होतं की आक्रमण करणाऱ्या संघाचा फाऊल म्हणजे फ्री थ्रो नाहीत. माझे सहपंच, टेबलवरचे (गुण आणि वेळ नोंदवणारे), दोन्ही प्रशिक्षक, कोणीच काही बोललं नाही. निळ्याचा पुढचा शॉट गेला नाही आणि ते एका गुणाने हरले.

रात्री घरी कलम १४ वाचताना हात थिजले. शॉट सुटला त्या क्षणी लालचा ताबा संपला होता. ताबा नाही म्हणजे तो ताबा असलेल्या संघाचा फाऊल ठरत नव्हता. पाचवा टीम फाऊल, निळ्या मुलाला दोन फ्री थ्रो. फ्री थ्रो द्यायचे राहून गेले ही कलम ४४ प्रमाणे दुरुस्त करता येणारी चूक आहे, पण त्याला मुदत असते. चुकीनंतर घड्याळ सुरू झालं, मग चेंडू पहिल्यांदा डेड झाला, की तो पुन्हा जिवंत होण्याआधी ती लक्षात यायला हवी. मला आठवलं तेव्हा मुलं घरी पोचली होती. त्या मुलाचं तोंड मला अजून आठवतं, कारण त्याला काय नाकारलं गेलं हे त्यालाही ठाऊक नव्हतं. तेव्हापासून रिबाउंडच्या गर्दीत फाऊल झाला की हात वर करतानाच मी स्वतःला विचारतो: या क्षणी चेंडू कोणाचा होता? उत्तर आल्याशिवाय टेबलकडे निघत नाही.

याच मधल्या वेळेत बॅककोर्टचीही (ताब्यातला चेंडू मध्यरेषेमागे परत नेल्याच्या निर्णयाची) चूक होते. शॉट रिंगवर आपटून उडाला, आक्रमण करणाऱ्या संघाच्या उंच मुलाने गर्दीतून तो मागे टॅप केला, चेंडू मध्यरेषा ओलांडून गेला आणि त्याच्याच साथीदाराने मागच्या अर्ध्यात उचलला. आपल्याकडे इथे दर स्पर्धेत कोणीतरी बॅककोर्ट देतं. रिबाउंड टॅप करणं म्हणजे ताबा नाही. ताबाच नव्हता, तर बॅककोर्ट लागत नाही. त्याने चेंडू दोन्ही हातांत घेऊन मागे फेकला असता तर मात्र बॅककोर्ट.

हेल्ड बॉलमध्ये घाई आणि उशीर, दोन्ही घातक. दोन्ही संघांच्या मुलांचे हात चेंडूवर घट्ट बसले असतील आणि धसमुसळेपणा केल्याशिवाय कोणालाच तो मिळणार नसेल, तेव्हाच अंगठे वर करून हेल्ड बॉलची खूण. एकाने चेंडू धरलाय आणि दुसऱ्याने नुसता वरून तळवा ठेवलाय, तर थांबा. पण दोन मुली चेंडू धरून जमिनीवर लोळायला लागल्या तर क्षणही दवडू नका, तिथे कोपर लागतात. सामना सुरू करताना दोघांमध्ये चेंडू वर उडवतात त्या जंप बॉललाही टॅप म्हणजे ताबा नाही. कोर्टवर कोणीतरी चेंडू खरोखर घेतल्यावरच ॲरो (पुढच्या वेळी चेंडू कोणाला, हे दाखवणारा टेबलवरचा बाण) दुसऱ्या संघाकडे लागतो, हे स्कोअररला सामन्याआधी सांगून ठेवा.

टेबलवर २४ सेकंदांच्या घड्याळावर (ताब्यातल्या संघाला शॉटसाठी मिळणारा वेळ) बसणाऱ्यालाही सांगा. शालेय स्पर्धेत बहुधा एखादा कॉलेजचा मुलगा बसवलेला असतो आणि त्याला कोणी काही शिकवलेलं नसतं. बचाव करणाऱ्याचं बोट पासला लागलं की तो लगेच घड्याळ परत २४ वर आणतो. नुसतं बोट लागून ताबा बदलत नाही, जुनेच सेकंद चालू राहतात. रिंगला लागून उडालेल्या चेंडूवर टॅपाटॅपी चालली असेल तर घड्याळ सुरू करायचं नाही. शॉट मारणाऱ्याच संघाने चेंडू घेतला की १४, समोरच्याने घेतला की २४.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, सरांकडे जाण्याचा. डबल ड्रिबलची शिट्टी कलम ४४ मध्ये बसत नाही. शिट्टी झाली, चेंडू डेड झाला, ती खेळी परत येत नाही. सामना चालू असताना चर्चा करू नका. पण पुढच्या डेड बॉलला त्या बाजूने जाताना "सर, तो टॅप होता, माझ्याकडून चुकलं" एवढं म्हणायला हरकत नाही. त्यानंतर दुसऱ्या टोकाला त्यांना एखादी शिट्टी भरपाई म्हणून देऊ नका, ती दुसरी चूक होईल. मी असं सांगितलं तेव्हा एकाही प्रशिक्षकाने त्याचा गैरफायदा घेतला नाही. आणि त्या निळ्या मुलीला भेटलात तर तिलाही सांगा की तिने बरोबर केलं होतं. पुढच्या वेळी गराड्यात हात घालताना ती कचरायला नको.